वांदर मेला गोव्यात, बाग आमची महाराष्ट्रात... कळवायचं कोणाला? (माकडताप)

तिलारीकाठ

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. मी पुण्यात असतो, घर दोडामार्ग तालुक्यात, गावाचं नाव लिहीत नाही कारण इथे निम्मा तालुका वाचतो. आईबाबा दोघंच तिकडे असतात. अडीच एकर काजू आहे, बागेच्या खालच्या अंगाला व्हाळ (ओढा) आणि व्हाळापलीकडे गोवा. बाबा नेहमी म्हणतात की आमचा गडी आडोशाला गेला तरी परराज्यात जाऊन येतो.

तर मंगळवारी बाबांचा फोन, "अरे थय पलीकडे वांदर मरान पडलोहा, वास येताहा." बाबांना २०१६ ची केरची साथ आठवते (आमच्याच तालुक्यातलं गाव, माकडतापाचे, म्हणजे जंगलातल्या गोचिडी चावून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या तापाचे, पेशंट महाराष्ट्रात पहिल्यांदा तिथेच सापडले होते) म्हणून त्यांनी लगेच ओळखीच्या एका कर्मचाऱ्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न काय, तर व्हाळाच्या अल्याड की पल्याड? पल्याड म्हटल्यावर "मग ता गोव्यात येता, थयल्यांका सांगा." आता थयले म्हणजे कोण हे ना त्याला माहीत ना बाबांना. आज तिसरा दिवस, कुत्र्यांनी वांदर ओढून अर्धा आमच्या बाजूला आणलाय. म्हणजे आता तो नक्की कुठल्या राज्यात मेला म्हणायचा हाच प्रश्न आहे.

आणि मुख्य म्हणजे आमच्याकडे काजी (काजूच्या बिया) वेचायला पलीकडच्या वाडीतल्या दोन बायका येतात, त्यातली एक कालपासून आली नाही, तापाने पडलीय म्हणे. आई म्हणते ऊन लागलं असेल. मला इथे बसून काही सुचत नाहीये.

कळवायचं कोणाला? लस मिळते का कुठे? आणि बाग काही दिवस बंद ठेवायची का? ते बाबांना सांगायची माझी हिंमत नाही, ऐन सीझन आहे, दोन दिवस काजी वेचली नाही तर केलडी (माकडं) आणि साळींदर मिळून पावशेर पण ठेवणार नाहीत.

पुणेरी_शंकेखोर

माकड मेलं म्हणजे माकडतापच असं कशावरून? शॉक लागून मरतात, पडून मरतात, कुत्री मारतात. आणि ताप म्हणाल तर तुमच्या सिंधुदुर्गात लेप्टो पण असतो, डेंग्यू पण असतो. उगाच पॅनिक नको असं माझं मत.

बाकी या रोगाचं पुण्याशी नातं जुनं आहे म्हणून सांगतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आजूबाजूच्या गावात माणसं तापाने आजारी, तेव्हा आपल्या इथल्या व्हायरस रिसर्च सेंटरचे लोक (आत्ताची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही, आंबेडकर रोडवरचं) धावत गेले ते पिवळा ताप आला या भीतीने. आशियात पिवळा ताप नाही, तो आला असता तर हाहाकार होता. निघालं भलतंच, गोचिडीतून पसरणारा नवीन विषाणू आणि त्याचा भाऊबंद थेट रशियातला. मग रशियातून इथे आला कसा, पक्ष्यांबरोबर आला का, हे शोधायला जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सलीम अलींनी पक्ष्यांच्या पायात कड्या अडकवायचा मोठा प्रकल्प काढला १९५९ मध्ये. पक्ष्यांनी आणला असं काही सिद्ध झालं नाही, पण आपल्याकडच्या पक्षीस्थलांतराच्या अभ्यासाला पैसा मिळाला तो या तापामुळे. मला हे फार आवडतं.

माजी_पीएचसीवाला

शंकेखोर, इतिहास बरोबर आहे, सल्ला अर्धाच बरोबर आहे. माकड शॉकने पण मरतं, मान्य, पण डिसेंबर ते मे या काळात, त्या पट्ट्यात, मेलेलं माकड दिसलं की आधी माकडताप धरून चालायचं आणि नंतर नाही म्हणायचं, उलटं नाही. मी एमबीबीएस झाल्यावर सीमेवरच्याच एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काही वर्ष काढली आहेत. लेप्टोबद्दल बोलायचं तर लेप्टो पावसातला, भातलावणीचा, हा कोरड्या दिवसातला, काजूचा. दोघांची गाठ सहसा पडत नाही. कॅलेंडर बघितलं तरी डॉक्टरचं अर्धं काम होतं.

तिलारीकाठ, त्या बाईंचं आधी बघा, वांदराचं नंतर. अचानक थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, कंबर पाठ पोटऱ्या धरणं, डोळे लाल, उलट्या, काहींना हिरड्यातून नाकातून रक्त, ही त्याची लक्षणं. गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसात सुरू होतं. ब्लड रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली आलेल्या दिसतात आणि इथेच घोळ होतो कारण प्लेटलेट कमी म्हटलं की सगळे डेंग्यू डेंग्यू करतात आणि पेशंट सलाईन लावून घरी. काही जणांचा ताप आठ दहा दिवसात उतरतो, बरं वाटतं आणि मग आठवडा दोन आठवड्यांनी परत उसळतो, त्यावेळी मान ताठ, बडबड, झटके. शंभरातले तीन ते पाच दगावतात असं धरतात. खास औषध नाही, पण वेळेत दाखल केला, पाणी आणि रक्तस्राव नीट सांभाळला तर बहुतेक जण उठून घरी जातात. ॲस्पिरिन, ब्रुफेन काही देऊ नका घरी, नुसती पॅरासिटामॉल.

आणि एक वाक्य त्या बाईंना पाठ करून द्या. डॉक्टर कुठलाही असो, गोव्याचा असो नाहीतर महाराष्ट्राचा, तोंड उघडल्यावर पहिलं हेच सांगायचं, "मी काजूत काम करते, आणि बागेजवळ माकड मेलेलं आहे." हे सांगितलं नाही तर कोणी टेस्ट लावणार नाही. पहिल्या काही दिवसात रक्तात विषाणू सापडतो ती पीसीआर, उशीर झाला तर अँटिबॉडीची टेस्ट, दोन्हीसाठी नमुना पुढे जातो, पीएचसीत होत नाही. पण नमुना घेणारा पीएचसीतच असतो.

माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे तिच्या घरच्यांनी तिला वेगळं ताट वगैरे द्यायचं काही कारण नाही. हे मुद्दाम लिहितोय, मी बघितलंय लोकांनी काय काय केलेलं.

ठोकून_देतो

एकच उपाय. माकडं पकडा नायतर मारा. काजू खातात, नारळ खातात, केळी खातात वर रोग पण देतात. शेतकऱ्याने किती सहन करायचं?? सरकार माकडांचं की माणसांचं

माजी_पीएचसीवाला

ठोकून, तुमचा राग समजतो, माझ्या पण परसातले नारळ खाल्लेत. पण या रोगात माकड आपल्यासारखंच बळी आहे. गोचीड त्याला चावते, ते आजारी पडतं, मरतं आणि मेल्यावर अंग गार पडलं की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी तिथेच खाली उतरतात, पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पानांत. मग तिथून जो पहिला जाईल त्याच्या पायावर. म्हणजे तुम्ही बागेत माकड मारलंत तर बागेत गोचिडी पेरल्यात. आणि माकड मेलं म्हणूनच आपल्याला आधी कळतं की जंगलात काहीतरी चाललंय, नाहीतर पहिला मेलेला माणूस मोजायची वेळ येते.

आशा_नाव_निराशा

मी आशा (गावातली आरोग्य स्वयंसेविका) आहे, कुठली ते विचारू नका, सीमेवरचीच. डॉक्टर सरांनी लिहिलंय ते बरोबर आहे पण ते पीएचसीत बसून होते, मी घरं फिरते म्हणून थोडं माझं पण ऐका.

डिसेंबर लागला की आमचा ताप सर्वे सुरू. घरोघर जायचं, कोणाला ताप आहे का, जंगलात गेलात का, माकड मेलेलं दिसलं का, वहीत लिहायचं, गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायच्या तेलाची बाटली द्यायची. आधी डीएमपी तेल होतं, नंतर डेपा आलं (ते मिल्ट्रीवाल्यांच्या ग्वाल्हेरच्या लॅबने शोधलेलं आहे असं ट्रेनिंगला सांगितलं होतं). बाटली दिली की सही घ्यायची. सही सगळे करतात, तेल किती जण लावतात ते मला विचारा. मी एकदा एका वहिनीला रागाने विचारलं तर तिने हात पुढे केले. काजूच्या चिकाने कातडी सोललेली, बोटांच्या बेचक्यात काळे चट्टे, त्यावर घाम, म्हणाली "ह्याच्यार तेल लाय तू, मी बघतंय." मी काय बोलणार. नंतर आम्ही सांगायला लागलो की बोंडू (काजूचं फळ) पिळताना आणि काजी सोडवताना हाताला नको, पण पायाला, पोटऱ्यांना, कमरेला लावा, गोचीड खालून वर चढते. आणि सकाळी एकदा लावून दिवसभर पुरत नाही, घामाने जातं, दुपारी परत लावा. असं सांगितलं तेव्हा जरा ऐकलं. ट्रेनिंगच्या पुस्तकात हे नव्हतं.

दुसरं म्हणजे यादी. माझ्या यादीत माझ्या गावातली घरं. पण काजूत काम करणारी माणसं कोण? पलीकडून सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या बायका, बागेत राखणीला राहणारे नेपाळी, रबरावर केरळी. रबरवाला पहाटे बॅटरी लावून पातेऱ्यातून झाडाझाडाला जातो त्याच्याइतकी गोचीड कोणाला चावत असेल? तो माझ्या यादीत नाही. नेपाळी तर दोन महिने आमच्याकडे, मग आंबा संपला की गायब. मी स्वतःहून त्यांना बाटल्या देते पण मग वहीत बाटल्यांचा हिशोब जुळत नाही आणि ऑडिटला शिव्या मी खाते.

तिलारीकाठ दादा, तुमच्याकडची ती बाई गोव्याच्या यादीत असेल, पण ताप तिला तुमच्या बागेत लागला असेल तर गोव्याची मुलगी तिच्या घराभोवती गोचिडीची पावडर मारून जाईल आणि तुमच्या बागेत कोणी येणार नाही. म्हणून दोन्हीकडे सांगा. तुमच्या आशाला सांगा की पलीकडची बाई आमच्याकडे कामाला होती, तिला ते वर कळवावंच लागतं.

तिलारीकाठ

ताई खूप आभार. डॉक्टर तुमचे पण. त्या बाईंच्या मुलाशी बोललो, उद्या सकाळी दवाखान्यात नेतोय. पण वांदराचं अजून तसंच आहे. आणि लसीचं कोणी सांगितलं नाही?

वाळपईची_सून

माहेर सावंतवाडी, सासर गोव्यात सत्तरी, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते :)

आमच्याकडे २०१५ ला पाली गावात झाला होता, त्याच्या पुढच्या वर्षी आजूबाजूला पण. सगळे काजूवालेच. नंतर एनआयव्हीच्या लोकांनी त्यावर पेपर पण लिहिला, की हा काजू कामगारांचा रोग आहे म्हणून. साधं आहे हो, आंबा झाडावरून काढतात, काजी खाली पडलेली वेचतात. सुकलेल्या पानात वाकून, बसून, हात घालून. बोंडू खायला माकड पण त्याच झाडाखाली येतं. वरून ते, खालून आपण, मध्ये पातेरा. मग २०१७ ला तुमच्या बांद्याला झाला तेव्हा माझा भाऊ मला फोन करून विचारत होता की तुमच्याकडे काय केलं होतं, म्हणजे सरकारची एकमेकांना पत्रं जायच्या आधी आमच्या घरातून माहिती गेली.

कळवायचं म्हणाल तर गोव्याच्या बाजूला पंचायतीच्या पंच मेंबरला फोन करा, खरं सांगते, सगळ्यात लवकर तोच हलतो. तो वनखात्याला आणि हेल्थ सेंटरला दोन्हीकडे लावतो. महाराष्ट्रातून वनखात्याचा १९२६ नंबर आहे, हॅलो फॉरेस्ट, तिथे तक्रारीची नोंद होते, नोंद झाली की अल्याड पल्याड करून चालत नाही. आता कुत्र्यांनी अर्धं आणलंच आहे तर बिनधास्त महाराष्ट्रात मेलं म्हणून सांगा!! आणि हात लावू नका कोणी, पुरू पण नका, जाळू पण नका. पीपीई घालून ते लोक येतात, पशुवैद्यक नमुना घेतात, मग जाळतात आणि भोवती मॅलेथिऑन पावडर मारतात. तोपर्यंत त्या बाजूला फिरकायचं नाही, कुत्र्यांना पण बांधा, तेच गोचिडी अंगणात आणतात.

दवाखान्याचं म्हणाल तर जास्त झालं की दोन्हीकडची माणसं बांबोळीलाच (गोवा मेडिकल कॉलेजला) जातात, जिल्हा कुठलाही असो. २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना फी लावली तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता तुमच्याकडे, मग महात्मा फुले योजनेतून मार्ग काढला. तर बाबांचं रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत घालून ठेवा, रात्री शोधायला लागू नये.

जोगफॉल्स_जवळ

उशिरा बघितलं. मी मूळची बेळगावची, लग्न होऊन सागरला आले, शिवमोग्गा जिल्हा, म्हणजे या रोगाच्या माहेरातच. इथे याला मंगनकायिले म्हणतात. तुम्ही लोक दहा वर्ष घाबरताय, इथे तीन पिढ्या झाल्या. मराठीत लिहायची सवय गेलीय, चुकलं तर सांभाळा.

लसीचं सांगते कारण मी स्वतः घेतलेली आहे. कर्नाटकात खूप वर्ष लस देत होते, बेंगलोरला बनायची. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यात बूस्टर, मग दरवर्षी. आणि दुखायची म्हणजे हात वर होत नसे, त्यामुळे पहिला घेतला की माणसं दुसऱ्याला घराला कुलूप लावून रानात. आणि दोन डोस आणि बूस्टर पूर्ण केला तर बऱ्यापैकी, नुसता एक घेतला तर घेतल्यासारखाच नाही. २०१९ ला आमच्या तालुक्यात अरलगोडूला मोठी साथ आली, खूप माणसं गेली, अंत्ययात्रेला जायला पण लोक घाबरत होते. नंतर ती लस पुरेशी चालत नाही म्हणून बंदच केली. आता आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) नवीन लस करतेय म्हणतात, पण गावच्या दवाखान्यात मागितली तर आज तरी कुठली लस मिळत नाही. त्यामुळे तिलारीकाठ, बाबांना लस शोधायला पाठवू नका, आहे ते तेल आणि कपडे एवढंच. २०२४ ला पण आमच्याकडे माणसं गेली, रोग संपलेला नाही.

दुसरं, पातेऱ्याचं. आमच्याकडे सुपारीच्या बागेत घालायला आणि गोठ्यात गुरांखाली टाकायला जंगलातून सुका पाला आणून घराशेजारी ढीग करतात. २०११-१२ च्या साथीनंतर अभ्यास केला त्यात ज्यांच्या अंगणात असा ढीग त्यांना धोका जास्त असं आलं. माझ्या सासूबाई जंगलात कधी जात नव्हत्या, गुडघे दुखतात म्हणून, तरी त्यांना झाला. गोठ्याच्या मागे ढीग होता, रोज संध्याकाळी त्यातून टोपलीभर पाला काढायच्या. वाचल्या, पण उठून बसायला दोन महिने लागले आणि केस सगळे गळले. तुमच्याकडे भाजावळीला (पेरणीआधी शेत भाजायला) पातेरा गोळा करतात ना, तो घरापासून लांब ठेवा.

गुरांचं पण. गाईला हा ताप होत नाही, पण मोठी झालेली गोचीड गाईचं रक्त पिऊनच अंडी घालते, त्यामुळे रानात चरणारी गाय म्हणजे गोचिडीची खाणावळ. जनावरांचा डॉक्टर पाठीवर ओतायचं औषध देतो, ते सीझनच्या आधी घालून घ्या.

पुणेरी_शंकेखोर

मी शब्द मागे घेतो. पण एक खरोखरचा प्रश्न, म्हणजे वाद नाही. तीन राज्यं आहेत, एकच जंगल आहे, गोचीड एकच, तर हे सगळे एकत्र बसून एक यादी, एक तेल, एक फॉर्म का करत नाहीत? व्हॉट्सॲप ग्रुप काढायला काय अडचण आहे?

माजी_पीएचसीवाला

ग्रुप आहेत. बैठका पण होतात, साथ आली की नक्की होतात, चहा बिस्कीट होतं, "समन्वय ठेवण्याचे ठरले" असं प्रोसिडिंग होतं. अडचण अशी की हा रोग एका खात्याचा नाहीच. माणूस आरोग्यखात्याचा, गाय पशुसंवर्धनची, माकड वनखात्याचं. आणि गोचीड कोणाचीच नाही. तीन खाती गुणिले तीन राज्यं म्हणजे नऊ टेबलं झाली आणि एका माकडाचा कागद नऊ टेबलांवरून फिरेपर्यंत त्या गोचिडी कुठच्या कुठे गेलेल्या असतात. त्यात वनखातं आमच्याकडे हत्तींच्या मागे, हत्ती रोज कोणाची तरी केळी आडवी करतोय, तिथे मेलेल्या माकडासाठी गाडी कधी येणार.

पण खालच्या लेव्हलला काम होतं, ते पण सांगितलं पाहिजे. मी होतो तेव्हा पलीकडच्या सेंटरच्या डॉक्टरचा नंबर माझ्याकडे होता आणि माझा त्याच्याकडे. आमच्याकडे पॉझिटिव्ह आला की मी कागद पाठवायच्या आधी फोन करायचो, "तुमच्या अमुक वाडीतला माणूस इकडे कामाला होता, बघा." तो संध्याकाळपर्यंत माणूस पाठवायचा. त्याची बदली झाली, मग माझी झाली, आणि तो नंबर कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलेला नव्हता. नवीन आलेल्या दोघांनी पहिल्यापासून सुरू केलं असणार.

आशा_नाव_निराशा

सर नंबर आमच्याकडे होता की. तुम्ही कधी विचारलंत? आशांची बदली होत नाही. पलीकडची आशा माझी मावसबहीण आहे.

माजी_पीएचसीवाला

🙏 ताई, बरोबर आहे तुमचं. खरंच नाही विचारलं.

ठोकून_देतो

बरं ते गोचीड अंगाला लागलीच तर काढायची कशी? आमच्यात काडी पेटवून चटका देतात किंवा रॉकेल लावतात.

वाळपईची_सून

नको हो चटका. चटका दिला की ती पोटातलं उलट आत सोडते. बारीक चिमटा घ्यायचा, कातडीला टेकवून डोकं धरायचं आणि सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही. नखाने चिरडायची तर मुळीच नाही, ते आमचे आजोबा करायचे, टप आवाज आला की खूश. मग साबणाने धुवायचं. पण खरी अडचण दिसण्याचीच आहे. गुरांवरची गोचीड वाटाण्याएवढी असते ती नव्हे, माणसाला चावते ती पिल्लू, खसखशीपेक्षा थोडी मोठी, तिळाएवढी पण नसते. म्हणून बागेतून आलं की आधी न्हाणीघर, अंगणातल्या बाकावर टेकायचं पण नाही. कपडे कढत पाण्यात. कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे, कमरेला जिथे नाडी बांधतो तिथे हात फिरवून बघायचं. आमच्याकडे आता नवरा बायको एकमेकांची पाठ बघतात, लग्नाला वीस वर्ष झाल्यावर एवढं लक्ष पहिल्यांदाच :)

तिलारीकाठ

अपडेट देतो, विसरलो नाही, शनिवारी गावी येऊन गेलो.

वांदर नेला. १९२६ वर नोंद केली आणि वाळपईच्या वहिनींनी सांगितलं तसं बाबांनी पलीकडच्या पंच मेंबरला पण फोन केला. गंमत म्हणजे दोन्हीकडची माणसं अर्ध्या तासाच्या अंतराने आली, व्हाळाच्या दोन काठांवर उभी राहून एकमेकांशी बोलली, वांदर बहुतेक सगळा आमच्या बाजूला होता म्हणून महाराष्ट्राने नेला आणि पावडर दोघांनी आपापल्या काठाला मारली. व्हाळाच्या मधल्या खडकावर कोणीच मारली नाही.

नमुना घेण्यासारखं वांदरात काही उरलं नव्हतं म्हणाले, उशीर झाला. त्या बाईंचा रिपोर्ट आला, माकडताप निगेटिव्ह. डॉक्टरने टेस्ट लावली ती तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं म्हणूनच, मुलगा सांगत होता, नाहीतर गोळ्या देऊन पाठवत होते. ती परत कामाला आलीय, आता लेकाची फुल पँट घालून त्यावर साडी नेसते आणि पँटच्या पायाला सुतळी बांधते. आईने तिचं बघून स्वतः पण सुरू केलंय.

पातेऱ्याचा ढीग गोठ्यामागून हलवला, माझी पाठ धरलीय. आमच्या आशाताई आल्या होत्या, त्यांनी बाबांना तेलाची बाटली दिली, बाबांनी सही केली. काल आईला व्हिडिओ कॉल केला तर बाटली देवाच्या फडताळात, गोमूत्राच्या बाटलीशेजारी. सील तसंच आहे.

आशा_नाव_निराशा

वर तारीख छापलेली असते ती बघायला सांगा त्यांना. बरेच जण मागच्या वर्षीची बाटली पण तिथेच ठेवतात.